कल्पनांचा डाव: टीमला नवं सुचावं म्हणून खेळाचे नियम कसे वापरायचे

"काहीतरी नवीन सुचवा" म्हणून बोलावलेली मिटिंग बहुतेक वेळा एकाच वाटेनं जाते. दोघं-तिघं बोलतात, बाकीचे माना डोलावतात आणि शेवटी फळ्यावर ज्या चार ओळी उरतात त्या मिटिंगआधीही सगळ्यांना ठाऊक असतात. मग कुणीतरी म्हणतं, यात जरा गेम आणू या. पॉइंट्स देऊ, बॅज देऊ, भिंतीवर लीडरबोर्ड लावू. पुढच्या खेपेला चिठ्ठ्यांचा ढीग खरंच वाढतो, पण पाखडून पाहिलं तर त्यात भुसाच जास्त निघतो.

खेळाची ताकद बक्षिसात आहे असं समजून सुरुवात केली की हे असं होतं. ती ताकद नियमांत असते. एरवी जे करायला संकोच वाटेल ते नियम सहज करून घेतो: गप्प बसून लिहायला लावतो, दुसऱ्याची कल्पना उचलून पुढे न्यायला लावतो, मुद्दाम वाईट सुचवायला लावतो. गुण, बॅज हे फार नंतरचं काम आहे आणि पुष्कळदा ते लागतही नाही. म्हणून या लेखात नियमांवर जास्त वेळ घालवला आहे. पूर्ण डावाला दोन तास लागतात. तेवढा वेळ नसेल तर काय गाळायचं, तेही पुढे येईल.

आधी पाहा, घोडं कुठे अडतं

ब्रेनस्टॉर्मिंग लोकप्रिय केलं ॲलेक्स ऑस्बर्न या अमेरिकी जाहिरातवाल्यानं. त्याचे नियम चार: टीका करायची नाही, भरपूर कल्पना काढायच्या, अचाट सुचलं तरी बोलायचं, आणि दुसऱ्यांच्या कल्पना जोडून सुधारायच्या. नियमांत वावगं काहीच नाही. पण १९५८ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी एकत्र बसलेल्या चौघांची तुलना वेगवेगळं बसून विचार करणाऱ्या चौघांशी केली. वेगळं बसलेल्यांच्या याद्या एकत्र करून सारख्या कल्पना वगळल्या, तरी त्यांच्या कल्पना जवळपास दुप्पट भरल्या.

असं का व्हावं? १९८७ मध्ये मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी याची कारणं एकेक करून तपासली. सर्वांत मोठं कारण अगदी साधं निघालं: पाळी. एक जण बोलत असतो तेव्हा बाकीच्यांना थांबावं लागतं. थांबताना स्वतःची कल्पना डोक्यात धरून ठेवावी लागते, त्यामुळे नवी सुचत नाही. तोवर धरून ठेवलेली शिळी वाटू लागते आणि माणूस ती गिळून टाकतो.

पाळीखेरीज आणखी तीन अडथळे असतात. हसं होईल ही भीती. दुसरा कोणी बोलेलच की, हा निवांतपणा. आणि सुरुवातीला जे सुचतं ते सगळ्यांना सारखंच सुचतं, ही अडचण. तुमच्या टीममध्ये यांतलं कोणतं दुखणं जास्त आहे हे आधी ओळखा, कारण प्रत्येकाचं औषध निराळं आहे. भित्र्या टीमपुढे टायमर लावला तर ती आणखीच गोठते. सुस्त टीमला नाव न घालता लिहायला सांगितलं तर ती आणखी सैल होते.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतो. टीम एका वाचनालयाची आहे आणि तिच्यापुढची अडचण आहे उशिरा परत येणारी पुस्तकं.

प्रश्न घडवणं: इथे घाई नको

डाव फसला तर दोष बहुतेक वेळा खेळाचा नसतो, प्रश्नाचा असतो. "वाचकसेवा कशी सुधारावी?" या प्रश्नाला कडाच नाहीत, त्यावर काय खेळणार? "दंड किती वाढवावा?" यात उत्तर आधीच ठरलंय. या दोहोंच्या मधला प्रश्न हवा: "घेतलेलं पुस्तक वेळेत परत करणं वाचकाला विसरताच येणार नाही, असं काय करता येईल?" यात दिशा आहे, पण उपाय सुचवलेला नाही.

एकाच अडचणीचे चार-पाच प्रश्न लिहून पाहा. "उशीर झालाच तर त्याचा त्रास कुणालाच होऊ नये, यासाठी काय?" हा वरच्यापेक्षा अगदी वेगळा प्रश्न आहे आणि त्यातून वेगळी उत्तरं येतील. दोन प्रश्न निवडा. एक पहिल्या फेरीला वापरा, दुसरा थकवा आल्यावर बाहेर काढा.

निवडीचे निकषही याच वेळी लिहा: खर्च किती चालेल, किती दिवसांत करून पाहता आलं पाहिजे, काय अजिबात चालणार नाही. हा कागद पाकिटात घालून टेबलावर सगळ्यांसमोर ठेवा, पण उघडू नका. निकष आहेत हे माहीत असलं की व्यवहारी मंडळी शांत राहतात, आणि ते दिसत नसले की कुणी स्वतःच्या कल्पनेला आधीच कात्री लावत नाही.

माणसं आणि सामान

पाच ते सात जण पुरे. जास्त असतील तर दोन टेबलं करा. निदान एक माणूस त्या कामाबाहेरचा हवा. वाचनालयाच्या बाबतीत एखादा नेहमी उशीर करणारा वाचक मिळाला तर सोन्याहून पिवळं.

साहेबांचं काय करायचं हा नाजूक मामला आहे. साहेब खेळात असले की लोक त्यांच्या भुवयांकडे बघत लिहितात. माझ्या मते त्यांनी सुरुवातीला येऊन प्रश्न का महत्त्वाचा आहे ते दोन मिनिटांत सांगावं, बाहेर जावं आणि निवडीच्या वेळी परत यावं. राहायचंच असेल तर नियम त्यांनाही सारखेच, आणि चिठ्ठीवर कुणाचंच नाव नाही. लिंबूटिंबू म्हणून त्यांना सूट देऊ नका, आणि पंच तर मुळीच करू नका. पंच म्हणजे सूत्रधार वेगळा असतो. तो स्वतः कल्पना देत नाही, वेळ पाहतो आणि नियम मोडला की टोकतो.

सामान थोडंसंच: कोरे कागद, चिकटचिठ्ठ्या, सगळ्यांना एकाच रंगाची जाड पेनं (अक्षरावरून नाही तर निदान रंगावरून तरी माणूस ओळखू येऊ नये), सर्वांना दिसेल असा टायमर, आणि कोऱ्या पत्त्यांचा एक गठ्ठा.

सुरुवातीला पाच मिनिटं हात मोकळे करायला द्या. मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी सर्जनशीलता मोजायला वापरलेली जुनी युक्ती अजूनही चालते: विटेसारखी एखादी रोजची वस्तू घ्या आणि तिचे उपयोग लिहायला सांगा. "घर बांधायला, भिंत बांधायला, कुंपण बांधायला" असं कुणी लिहिलं तर हे तीन उपयोग नाहीत, एकाच उपयोगाची तीन रूपं आहेत, हे तिथेच दाखवा. संख्या आणि विविधता यांतला हा फरक पुढे गुण देताना लागणार आहे.

पहिली फेरी: तोंडं बंद, पेनं चालू

पाळीच्या दुखण्यावर नेमकं औषध म्हणजे मूक लेखन. १९६८ मध्ये बेर्न्ड रोरबाख यांनी मांडलेली ६-३-५ ही पद्धत यासाठी उत्तम आहे. सहा जण बसतात. प्रत्येकापुढे तीन रकाने आणि सहा ओळी आखलेला कागद असतो. पाच मिनिटांत पहिल्या ओळीत तीन कल्पना लिहायच्या आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. पुढच्या पाच मिनिटांत आपल्यापुढे आलेला कागद वाचून त्याखाली आणखी तीन. अशा सहाही ओळी भरल्या की अर्ध्या तासात १०८ कल्पना जमतात. पाच जण असतील तर पाच ओळी आखा, बाकी सगळं तेच.

यात खेळ आहे तो कागद फिरण्यात. दुसऱ्याचं वाचून लिहायचं असल्यानं कल्पना नकळत एकमेकींत मिसळतात आणि "ही माझी" हा हट्ट आपोआप सुटतो. मात्र काही गोष्टी सांभाळा. कल्पना क्रियापदासकट लिहायची. नुसतं "आठवण" असं नको, "परतीच्या आदल्या दिवशी वाचकाला आठवण पाठवायची" असं पूर्ण वाक्य हवं, नाहीतर पुढच्याला कळणारच नाही. रकाना कोरा सोडायचा नाही, काहीच सुचलं नाही तर वरच्या कल्पनेचं उलटं लिहायचं. आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून पाचऐवजी सहा-सात मिनिटं द्या, कारण वाचायला तेवढं जास्त येतं.

या फेरीअखेर जे जमेल त्यातलं बरंचसं ओळखीचंच असेल: संदेश पाठवा, दंड वाढवा, परतीची पेटी दाराबाहेर ठेवा. हरकत नाही. हे आधी बाहेर पडायलाच हवं असतं.

दुसरी फेरी: अडथळ्याचे पत्ते

मला विचाराल तर सगळ्या डावाचा प्राण इथे आहे. वेळ कमी असेल तर बाकी काहीही गाळा, ही फेरी ठेवा.

मोकळं मैदान दिलं की मन मळलेल्या वाटेनंच जातं. ती वाट बंद केली की दुसरी शोधावी लागते. कलावंतांना हे पूर्वीपासून माहीत आहे. संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी १९७५ मध्ये पत्त्यांचा एक संचच काढला होता. काम अडलं की त्यातला एक पत्ता ओढायचा आणि त्यावरची सूचना पाळून पाहायची.

तुमचे पत्ते तुम्हीच बनवा, विकतचे नकोत. पहिल्या फेरीचे कागद समोर ठेवा आणि सर्वांत जास्त वेळा काय आलंय ते बघा. तेच पत्त्यावर बंदी म्हणून लिहा. वाचनालयाच्या टीमचे पत्ते असे होऊ शकतात: "दंडाचं नाव काढायचं नाही." "वाचकाला एकही संदेश पाठवायचा नाही." "उशीर करणाऱ्याचा फायदा झाला पाहिजे." "पुस्तक वाचनालयात परत येतच नाही असं धरा." "सगळं काम एका लहान मुलानं करायचंय." यांत रॉबर्ट एबर्ले यांच्या १९७१ च्या स्कॅम्पर यादीतले प्रश्नही मिसळता येतात: यातलं काय बदलून दुसरं घालता येईल, काय जोडता येईल, काय काढून टाकता येईल, क्रम उलटा केला तर काय होईल.

दोघादोघांच्या जोड्या करा. प्रत्येक जोडीनं एक पत्ता ओढायचा आणि चार मिनिटांत त्या अटीत बसणाऱ्या निदान तीन कल्पना लिहायच्या. पत्ता बदलून मिळणार नाही. "हा पत्ता अशक्य आहे" अशी तक्रार येईल, येऊ द्या. अशक्य वाटणारा पत्ताच बहुधा कामाला येतो. "पुस्तक वाचनालयात परत येतच नाही" हाच पत्ता पाहा. पहिलं मिनिट लोक चिडचिड करतील. मग कुणीतरी विचारेल, ते पुस्तक थेट पुढच्या वाचकाकडे गेलं तर? त्यातून प्रश्न येईल, पुढचा वाचकच नसेल तर परत आणायची घाई कशाला? आणि एकदम नवी कल्पना उभी राहते: परतीची ठरलेली तारीखच नको, दुसऱ्या कुणी मागणी नोंदवली की त्या दिवसापासून मुदत सुरू. इथे उशीर कमी करायचा प्रयत्नच झाला नाही, उशीर म्हणजे काय हेच बदललं. मूक लेखनातून असं क्वचित निघतं.

असे तीन पत्ते खेळा. दोन पत्त्यांमध्ये चर्चा नाही, चिठ्ठ्या फक्त भिंतीवर लावायच्या.

तिसरी फेरी: सगळ्यांत वाईट कोण सुचवतो?

भीती घालवायला याइतका सोपा उपाय नाही. पाच मिनिटांत प्रत्येकानं अडचण आणखी बिघडवणारी, हास्यास्पद किंवा निर्लज्ज कल्पना लिहायची. इथे मात्र चुरस लावा, टाळ्यांनी विजेता ठरवा. वाईट सुचवण्यात हरलं म्हणून कुणाचा मान जात नाही, त्यामुळे स्पर्धा निर्धोक राहते. एरवी गप्प बसणारी माणसं इथे हमखास खुलतात.

खरं काम त्यानंतरचं आहे. प्रत्येक वाईट कल्पना शेजाऱ्यानं घ्यायची आणि तिच्यातून चांगली काढायची. "उशीर करणाऱ्यांची नावं दारावर लावा" हे उलटवलं की वेळेत परत करणाऱ्या वाचकानं पुढच्या वाचकासाठी पुस्तकात एका ओळीची चिठ्ठी ठेवायची, असं काही निघतं. "परतीची तारीख वाचकाला कळूच देऊ नका" यावर सगळे हसतात आणि मग लक्षात येतं की आत्ताही तारीख शेवटच्या पानावर शिक्क्यात दडलेली असते. ती रोज हाताळल्या जाणाऱ्या वाचनखुणेवर का नाही?

दम लागल्यावर

आता लोक म्हणतील, झालं, आणखी काही सुचत नाही. इथेच उठायचं नाही. ब्रायन लुकस आणि लोरान नॉर्डग्रेन यांचं २०२० मधलं संशोधन सांगतं की बसल्या बैठकीत आपली सर्जनशीलता घसरत जाते असं लोकांना वाटतं, पण प्रत्यक्षात ती टिकते किंवा वाढते. घसरते ती सुचण्याची गती. सोपं सोपं संपलेलं असतं, त्यामुळे आता जे येतं ते सावकाश येतं, पण वेगळं येतं.

दहा मिनिटांची सुट्टी द्या. लोकांना खोलीबाहेर काढा, मोबाईलपासून जमलं तर लांब. परत आल्यावर राखून ठेवलेला दुसरा प्रश्न उघडा आणि एकच अट घाला: भिंतीवरच्या कोणत्याही चिठ्ठीशी जुळणारी कल्पना बाद. दहा मिनिटांत पाच-सहा चिठ्ठ्याच येतील. मोजत बसू नका, त्या वेगळ्या लावा.

गुण द्यायचे तर कशाला?

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढल्यास बक्षीस मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांत ही घट दिसली नाही. त्याआधी १९६२ मध्ये सॅम ग्लक्सबर्ग यांनी कार्ल डुंकर यांचं मेणबत्तीचं कोडं वापरलं: मेणबत्ती, काड्यापेटी आणि खोकाभर टाचण्या एवढ्यावर मेणबत्ती भिंतीवर लावायची. खोकं रिकामं करून त्याचीच फळी करता येते, हे सुचायला हवं. पैशाचं आमिष असलेल्यांना ते सुचायला जास्त वेळ लागला. पण टाचण्या आधीच खोक्याबाहेर ठेवल्या, म्हणजे कोडं सरळ झालं, तेव्हा आमिषवाले पुढे गेले.

म्हणजे सरळसोट कामाला बक्षीस चालतं, नवी वाट शोधायच्या कामात ते नजर आखडतं. म्हणून "जास्त कल्पना देईल त्याला इतके गुण" हा नियम नको. लोक एका कल्पनेचे पाच तुकडे करून पाच गुण घेतील, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? नियमच तसा आहे.

गुण हवेच असतील तर ते पुऱ्या टीमला द्या, आणि विविधतेला द्या. भिंतीवर नऊ चौकटी आखा: पैसा, जागा, वेळ, माहिती, सवय, नातं, वस्तू, तंत्रज्ञान, नियम. ज्या चौकटीत पहिली चिठ्ठी पडेल तिचे तीन गुण, दुसरीला एक, तिसरीपासून शून्य. आता लोकांचं लक्ष आपोआप रिकाम्या चौकटींकडे जातं. दुसऱ्याच्या कल्पनेवर बांधलेल्या कल्पनेला एक गुण जास्त. वैयक्तिक लीडरबोर्ड लावू नका. त्यावर वरचे दोघं खूश होतात आणि बाकीचे खेळणं सोडतात. बक्षीस द्यावंसं वाटलंच तर सगळं संपल्यावर, न सांगता, सगळ्यांना.

निवड: इथे खेळ सोडू नका

टीम इतकी मेहनत करते आणि शेवटच्या दहा मिनिटांत हात वर करून सर्वांत बेताची कल्पना निवडते. यात नवल नाही. एरिक रीट्झशेल, बर्नार्ड नेइस्टाड आणि श्ट्रोबे यांनी २००६ मध्ये दाखवलं की भरपूर चांगल्या कल्पना हाताशी असूनही निवडताना लोक चांगल्या कल्पना वेचण्यात फारसे यशस्वी होत नाहीत. स्वतःवर सोडलं की ते नावीन्यापेक्षा जमण्याजोगं काय ते बघतात.

यावर दोन रंगांच्या टिकल्यांचा डाव लावा. प्रत्येकाला पाच निळ्या आणि दोन लाल टिकल्या द्या. निळी म्हणजे "हे आपल्याला जमेल". लाल म्हणजे "हे जमेल का ठाऊक नाही, पण डोक्यातून जात नाही". लाल टिकली निळ्या कामाला वापरता येणार नाही आणि हातची राखताही येणार नाही. सगळ्यांनी आपली निवड आधी कागदावर लिहायची आणि मग एकदम जाऊन टिकल्या लावायच्या, नाहीतर पहिल्या दोन टिकल्यांमागे सगळी गर्दी जाते. साहेब परत आले असतील तर त्यांच्या टिकल्या शेवटी, आणि संख्येनं तेवढ्याच.

आता पाकीट उघडा. जास्त निळ्या मिळालेल्या दोन कल्पना निकषांवर तपासा. जास्त लाल मिळालेल्या एका कल्पनेला निकष लगेच लावू नका. तिच्याबाबत एवढंच विचारा: आठवडाभरात, फुकटात, हिचा कोणता तुकडा करून पाहता येईल? मागणीनुसार मुदतीच्या कल्पनेसाठी सगळं वाचनालय बदलायची गरज नाही, एका कपाटातल्या पुस्तकांवर करून पाहता येतं.

प्रत्येक निवडलेल्या कल्पनेला एक माणूस, एक तारीख. माणूस स्वतः पुढे आला पाहिजे. कुणीच पुढे आलं नाही तर ती कल्पना तिथेच सोडा, टिकल्या कितीही पडलेल्या असोत.

बारीकसारीक

ऑनलाइन खेळत असाल तर सामायिक फळ्यावर आधी सगळ्यांनी खासगी कागदावर लिहायचं आणि सूत्रधारानं सांगितल्यावर एकदम चिकटवायचं. इतरांचे कर्सर हलताना दिसले की लिहिणाऱ्याचा हात थबकतो. वेळही कमी ठेवा, सव्वा तासाच्या पुढे पडद्यासमोर कुणाचं मन टिकत नाही. तेव्हा तिसरी फेरी गाळा.

कुणी मध्येच "हे आपण आधी केलं होतं, चाललं नाही" म्हणालं तर वाद घालू नका. ते वाक्य पत्त्यावर लिहून त्यालाच द्या: "आधी का चाललं नाही, आणि आता काय बदललंय?" कुणी रडीचा डाव खेळू लागलं, म्हणजे नियमांतून पळवाटा काढू लागलं, तर क्षणभर पाहा. ती पळवाट मजेशीर असेल तर पुढच्या वेळी नियम करून टाका. खेळायचंच नाही असं कुणी स्पष्ट म्हणालं तर त्याला वेळ पाहायचं काम द्या, ओढून बसवू नका.

दर आठवड्याला हा डाव मांडू नका, पत्ते पाठ होतात. उत्तर आधीच वरून ठरलेलं असेल तर तर मुळीच मांडू नका. लोकांना ते कळतं, आणि त्यानंतर खऱ्या प्रश्नावरही ते तोंडदेखलं खेळतात.

उरलेल्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवा आणि ठरवलेल्या तारखेला निवडलेल्या कल्पनांचं काय झालं ते टीमला कळवा, जे चाललं नाही तेसुद्धा. नव्या डावाचे पहिले पत्ते त्यातूनच निघतील.